लांब शेपटीचा कोंबडा पाळायचाय? आधी एक वही घ्या

मुंबईत गोराईला आमच्या घरामागच्या वाडीत पहिला लांब शेपटीचा कोंबडा आला, तेव्हा त्याची शेपटी १०४ सेंटिमीटर भरली होती. विकणाऱ्याने 'ओनागादोरी', म्हणजे लांब शेपटीची जपानी जात, म्हणून दिला होता. गणपतीत पिसं गळायला लागली आणि दसऱ्यापर्यंत शेपटीच्या जागी बोटभर कोंब उरले. मला वाटलं, पक्षी आजारी पडला. पशुवैद्यांनी तपासलं आणि सांगितलं, कोंबडा ठणठणीत आहे, ही दर वर्षाची झड आहे. खऱ्या ओनागादोरीची लांब पिसं अशी सगळी गळून पडत नाहीत. म्हणजे माझ्याकडे होता तो फिनिक्स, जपानी पक्ष्यांपासून युरोपात तयार केलेली जात, तोही कुठल्या तरी मिसळीचा.

तेव्हापासून कोणी कोंबडा दाखवला की मी शेपटी किती लांब आहे हे विचारत नाही. दोन गोष्टी विचारतो: पीस महिन्याला किती वाढतं, आणि गेल्या झडीत किती लांब पिसं टिकली. लांबी वयावर, ऋतूवर, पिंजऱ्यावर अवलंबून असते. हे दोन आकडे रक्तातून येतात. पुढे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं या दोन आकड्यांपर्यंत नीट पोचण्यासाठीच आहे.

पक्षी ओळखायला शिका

लांब शेपटीच्या जाती मुळात पूर्वेकडच्या. ओनागादोरी हा जपानच्या शिकोकू बेटावरचा, जुन्या तोसा प्रांतातला, म्हणजे आजच्या कोची जिल्ह्यातला. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, तिथल्या लोकांनी शोकोकू या जुन्या जातीच्या रक्तातून तो घडवला असं मानतात. जपान सरकारने १९५२ साली त्याला विशेष नैसर्गिक वारशाचा दर्जा दिला. त्याचं पीस वर्षाला साधारण ७० सेंटिमीटर ते मीटरभर, कधी त्याहून जास्त वाढतं, आणि शेपटीची मुख्य पिसं वर्षानुवर्षं झडत नाहीत. १९७२ साली तिथल्या एका कोंबड्याच्या पिसाची लांबी १०.६ मीटर नोंदली गेली. कोंबडा लहानखुरा असतो, वजन १.८ किलोच्या आसपास, कोंबडी १.३५ किलोची.

फिनिक्स ही जर्मनीची निर्मिती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हुगो द्यु रुआ या पैदासकाराने जपानहून आलेल्या नाजूक पक्ष्यांत युरोपातल्या काटक कोंबड्यांचं रक्त मिसळलं. पक्षी दणकट झाला, कोंबडा अडीच किलोपर्यंत गेला, पण न झडण्याचा गुण त्या मिसळीत विरला. योकोहामा या जातीला नाव मिळालं ते ज्या बंदरातून हे पक्षी युरोपला गेले त्याचं. सुमात्रा ही इंडोनेशियातली काळीभोर जात, हिरवट झाक मारणारी, शेपटी आडवी वाहणारी.

नाव विकणारा सांगेल ते. तुम्ही तुरा, कानाची पाळी आणि पाय पाहा. ओनागादोरी आणि फिनिक्सचा तुरा एकेरी, करवतीसारखा, आणि कानाची पाळी पांढरी. फिनिक्सचे पाय पाटीच्या रंगाचे किंवा हिरवट. योकोहामाचा तुरा बसका, पाळी लाल, पाय पिवळे. सुमात्राचा तुराही बसका, तीन ओळींचा, चेहरा जांभळट काळा, पाय काळे आणि तळवे पिवळे. नराच्या एकेका पायाला कधी कधी दोन-तीन काटे असतात, ही त्याची खास खूण.

तुऱ्यावरून एक फार कामाची गोष्ट कळते. बसका तुरा एकेरीवर मात करतो. म्हणून आई-बाप दोघेही एकेरी तुऱ्याचे असतील तर बसक्या तुऱ्याचं पिल्लू निघूच शकत नाही. निघालं, तर बाप दुसरा आहे किंवा अंडं दुसऱ्या कोंबडीचं आहे. आपल्याकडे अनेकदा असीलचं, म्हणजे झुंजीच्या कोंबड्यांच्या जातीचं, रक्त घातलेलं असतं, कारण असील सहज मिळतो. असीलचा तुरा बसका आणि पीस आखूड, कडक, अंगाला घट्ट. लांब शेपटीला हे रक्त मारक आहे. 'फिनिक्स' म्हणून दाखवलेल्या पक्ष्याचा तुरा बसका, मान जाड आणि छाती उघडी दिसली तर पुढे चालू लागा. तोंड उघडून जीभही पाहा. काळी असेल तर कडकनाथ किंवा सिल्की या काळ्या कातडीच्या जातींचा हात लागलाय.

पक्षी आणण्याआधी जागा आणि शेजार

मुंबईत आधी शेजाऱ्यांशी बोलावं लागतं, मग पक्ष्यांचा विचार. कोंबडा पहाटे साडेचारला बांग देतो आणि तीन कोंबडे असतील तर एकमेकांना उत्तरं देत राहतात. फ्लॅटच्या बाल्कनीत हा छंद करू नका, अगदी स्पष्ट सांगतो. बैठं घर, गावठाणातलं अंगण, वाडी किंवा सोसायटीची लेखी परवानगी असलेली मोकळी गच्ची, एवढ्याच जागा योग्य. घाण, वास किंवा उपद्रव झाला तर पालिकेकडे तक्रार जाते आणि ती जाणं बरोबरच आहे. आमच्या शेजारच्या मावशींना मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "मावशी, बांगेचा त्रास होतो का?" त्या म्हणाल्या, "बांगेचं काय नाय रे, पण माशा झाल्या तर बोलीन हां." तेव्हापासून विष्ठा रोज उचलतो. रात्री नरांना अंधाऱ्या, बुटक्या छताच्या खोक्यात ठेवलं की बांग उशिरा आणि कमी होते, कारण बांग देताना त्याला मान ताणून वर करावी लागते. खोक्याला वारा मात्र भरपूर हवा.

परदेशातून अंडी सामानात लपवून आणायचा मोह धरू नका. पशुधन आयातीचा १८९८ चा कायदा आजही लागू आहे, परवानगी आणि विलगीकरणाशिवाय असं काही आणता येत नाही. त्यामागे कारणही आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारीत परभणीला पुन्हा तेच घडलं. संसर्ग सापडला की भोवतालच्या १ किलोमीटर परिसरातले सगळे पाळीव पक्षी नष्ट करतात, त्यात तुमची दहा वर्षांची लाइनही, म्हणजे पिढ्यान् पिढ्या जपलेलं एकाच रक्ताचं घराणंही, जाते. एकाच दिवशी अनेक पक्षी अचानक मेले तर हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, १९६२ हा क्रमांक चालतो.

खुराडं

साध्या कोंबड्यांच्या खुराड्यात हा कोंबडा महिन्याभरात शेपटी मोडून घेतो. नराला स्वतंत्र कप्पा हवा, निदान दीड मीटर लांब-रुंद आणि दोन मीटर उंच. बसायचा दांडा जमिनीपासून दीड मीटरवर, मागच्या भिंतीपासून निदान पाऊण मीटर पुढे, म्हणजे शेपटी भिंतीला घासत नाही. दांडा गुळगुळीत हवा. बांबू वापरलात तर त्याची पोकळ टोकं बुजवा. दिवसा त्यात लपून रात्री रक्त पिणारे लाल किडे मी नेमके तिथेच पकडलेत. रात्री टॉर्च घेऊन दांड्याखाली पांढरा कागद ठोकून पाहायची सवय ठेवा.

जमिनीवर भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा चार बोटं जाड. वाळूही चांगली, पण समुद्रावरची नको. ती खारट असते, ओलावा धरते, आणि किनाऱ्यावरची वाळू उचलणं बेकायदा आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तूस दर चार-पाच दिवसांनी बदलावं लागतं. ओल्या तुसाचा डोळ्यांना झोंबणारा वास आला म्हणजे उशीर झाला. अमोनियाने पिसांची टोकं ठिसूळ होतात आणि कोंबड्याला सर्दी धरते. छपराचा पुढचा भाग हातभर बाहेर काढा, कारण आपल्याकडचा पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा आत येतो.

जाळी अर्धा इंची, वेल्डेड. जमिनीत फूटभर खोल गाडा. मांजर आणि मुंगूस दिसतात तरी, घूस दिसत नाही. एका रात्रीत तिने माझी सात पिल्लं नेली होती, जाळीखालून.

जपानमध्ये ओनागादोरीला तोमेबाको नावाच्या उंच अरुंद कपाटात ठेवायची रीत आहे. पक्षी वरच्या दांड्यावर बसतो, शेपटी खाली सोडलेली किंवा गुंडाळलेली, आणि पाळणारे त्याला ठरावीक दिवसांनी बाहेर काढून, शेपटी हातात धरून फिरवतात. पिढ्यान् पिढ्यांचं कसब आहे ते. मुंबईच्या दमट उकाड्यात नवख्या माणसाने ते करायला जाऊ नये. पक्षी जखडला जातो, वजन वाढतं, पाय सुजतात. मला दहा सेंटिमीटर कमी शेपटीचा पण मोकळा चालणारा कोंबडा जास्त आवडतो.

विकत घेताना

वर्षाच्या आतला नर घेऊ नका, मग तो कितीही देखणा असो. शेपटीची खरी परीक्षा दुसऱ्या झडीत होते, म्हणजे दीड-दोन वर्षांनी. तरुण नर घ्यायचाच असेल तर त्याचा बाप पाहायला मागा, आणि शक्यतो ऑक्टोबरमध्ये, झड संपत आलेली असताना. तेव्हा बापाची लांब पिसं टिकलेली दिसली तर पैसे द्या. मे महिन्यात प्रत्येक कोंबडा सुंदरच दिसतो.

कोंबडीकडे कोणी पाहत नाही, आणि इथेच बहुतेकांची लाइन बिघडते. निम्मं रक्त तिचं असतं, फक्त ते तिच्या अंगावर दिसत नाही. तरी काही खुणा असतात. कंबरेवरची पिसं लांब, टोकदार, शेपटीच्या बुडावर लोळणारी हवीत. शेपटीवरची वरची दोन पिसं किंचित वाकलेली हवीत. आणि तिचे भाऊ पाहा. एकाच आई-बापाचे तीन भाऊ मागे लांब पिसं घेऊन उभे असतील, तर ती बहीण डोळे झाकून घ्यावी.

एका ठिकाणाहून नर आणि दुसऱ्या ठिकाणाहून माद्या, असं पहिल्याच वर्षी करू नका. दोन वेगळ्या लाइन घ्या, पण प्रत्येकीची जोडी वेगळी ठेवा. का, ते पुढे येतंच. नवे पक्षी आणले की तीन आठवडे बाकीच्यांपासून दूर, वेगळ्या चपला, वेगळं भांडं.

खाणं आणि औषधपाणी

पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचं असतं. एरवी १६ ते १८ टक्के प्रथिनांचं खाद्य पुरतं, झडीच्या दिवसांत २० टक्क्यांवर न्या. अंड्यांवरच्या कोंबड्यांचं खाद्य नराला देऊ नका, त्यातल्या जास्त कॅल्शियमने त्याची मूत्रपिंडं बिघडतात. माद्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, त्या लागेल तेवढा खातात. कोळीवाड्यातून सुका जवळा आणून थोडा घालता येतो, पण मीठ न लावलेलाच घ्या आणि मूठभरापेक्षा जास्त नको. शेंगदाण्याची पेंड आणि मका पावसाळ्यात बुरशी धरतात. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं, म्हणून जून ते सप्टेंबर एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच खाद्य आणा.

लशींचं वेळापत्रक पशुवैद्यांकडून लिहून घ्या. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब घालून, नंतर चौथ्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा. कोंबड्यांच्या देवीची लस सहा ते आठ आठवड्यांत, कारण इथे डास बारमाही आणि देवी डासांमार्फत पसरते. मॅरेक्स या पाय लुळे पाडणाऱ्या रोगाची लस पहिल्याच दिवशी द्यावी लागते. तिची बाटली हजार पिल्लांची आणि उघडल्यावर तासा-दोन तासांत संपवायची, म्हणून छोटे पाळणारे ती टाळतात. टाळू नका. शोभेच्या जातींना हा रोग फार लागतो. तीन-चार महिन्यांचा देखणा नर एक पाय पुढे, एक मागे टाकून आडवा पडलेला पाहणं फार वाईट असतं. दोन-तीन जणांनी एकाच दिवशी पिल्लं काढली की एक बाटली वाटून घेता येते.

जोड्या आणि अंडी

जोडी लावण्याआधी माद्यांना तीन आठवडे नराशिवाय ठेवा. आधीच्या नराचं बीज कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे जिवंत राहतं, त्या काळातली अंडी कोणाची हे सांगता येत नाही. जिथे लाइन तपासायची आहे तिथे ही शंका चालणार नाही. नवा नर सोडल्यावर आठ-दहा दिवसांनी अंडी गोळा करायला सुरुवात करा आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने तारीख व कप्प्याचा क्रमांक लिहा.

अंडी साठवायला १५ ते १८ अंश तापमान चांगलं. आपल्याकडे घरातच ३० असतं आणि तेवढ्या उष्णतेत अंड्यातला जीव अर्धवट वाढायला लागून मरतो. म्हणून चार-पाच दिवसांहून जुनी अंडी ठेवू नका. फ्रिज नको, तो फार गार.

अंडी उबवायच्या यंत्रातलं तापमान ३७.५ ते ३७.७ अंश, दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी फिरवायची, अठराव्या दिवशी थांबायचं, एकविसाव्या दिवशी पिल्लं. हे सगळीकडे सारखंच. ओलाव्याचं मात्र मुंबईत निराळं गणित आहे आणि तेच लोक चुकतात. पहिले अठरा दिवस यंत्रात ५० ते ५५ टक्के ओलावा हवा. जुलैत खोलीत २९ अंशाला ८५ टक्के ओलावा असतो. तीच हवा यंत्रात साडेसदतीस अंशांपर्यंत तापली की आपोआप ५० टक्क्यांच्या जवळ येते. म्हणजे पावसाळ्यात अठराव्या दिवसापर्यंत यंत्रात पाणी ठेवायचंच नाही. पुस्तकात लिहिलंय म्हणून पाण्याची ताटली भरली की पिल्लं अंड्यातच बुडून मरतात, पूर्ण वाढलेली, चोच आत. उलट जानेवारीत खोली २२ अंशांवर आणि कोरडी असली की तोच आकडा पंचविशीच्या खाली जातो, तेव्हा ताटली भरावी लागते. शंका असेल तर अंडं तोला. ४५ ग्रॅमच्या अंड्याचं वजन अठराव्या दिवशी साडेपाच ग्रॅमच्या आसपास घटलेलं असावं. अठराव्या दिवसानंतर ओलावा ६५ ते ७० टक्के करा आणि झाकण उघडू नका.

खुडूक गावठी कोंबडी मिळाली तर मला ती यंत्रापेक्षा बरी वाटते. पिल्लांची लाइन ओळखायला मात्र तिच्याखाली एकाच कप्प्याची अंडी बसवा. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. पायात रंगीत स्प्रिंगच्या कड्या घाला आणि दर पंधरा दिवसांनी मोठ्या मापाच्या बदला. घट्ट कडीने पाय कापला जातो.

दोन लाइनची तुलना

एक लाइन जानेवारीत निघाली, दुसरी जुलैत, आणि दिवाळीत दोघांच्या शेपट्या शेजारी ठेवल्या, तर त्यातून काहीच कळत नाही. दोन्ही लाइनची अंडी एकाच दिवशी बसवा, पिल्लं एकाच ठिकाणी, एकाच खाद्यावर वाढवा. प्रत्येक लाइनचे निदान पाच-सहा नर मोठे होतील इतकी अंडी घ्या. एका नराला दुसऱ्या नराशी तोललं तर तुम्ही पक्षी तोलला, लाइन नाही.

मोजायची रीत सांगतो, ही मला उशिरा सुचली. पीस टोकाकडून वाढत नाही, कातडीतून बाहेर येतं. म्हणून टोकापर्यंत मोजलेली लांबी फसवी आहे, टोक रोज झिजतं, तुटतं. त्याऐवजी सहा-सात महिन्यांच्या नराची शेपटीची दोन मुख्य लांब पिसं आणि कंबरेवरची दोन लांब पिसं निवडा. प्रत्येकाच्या दांडीवर कातडीपासून बरोबर ५ सेंटिमीटरवर, मऊ रक्ताळ भागाच्या वर, कधी न पुसणाऱ्या मार्करने बारीक खूण करा. पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेला कातडी ते खूण अंतर मोजा. ५ चं ११ झालं तर महिन्याची वाढ ६. मग नवी खूण, पुन्हा ५ वर. टोक तुटलं तरी आकडा खरा राहतो.

याने आणखी एक गोष्ट कळते आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. खूण जागची हलली नाही तर ते पीस पिकलं, थांबलं. साध्या कोंबड्याचं पीस काही महिन्यांतच थांबतं. चांगल्या फिनिक्सचं बराच काळ चालतं. ओनागादोरीचं रक्त जिथे खरंच आहे तिथे खूण झड येऊन गेली तरी पुढे सरकत राहते. दोन लाइनपैकी एकीची महिन्याची वाढ ८ आहे पण पीस सातव्या महिन्यात थांबतं, दुसरीची ५ आहे पण पीस चौदाव्या महिन्यातही चालू आहे, असं निघालं तर मी दुसरी ठेवीन. वाढीचा वेग आणि न झडणं हे दोन वेगळे गुण आहेत. वेग मिसळीतही बराच टिकतो, न झडणं मिसळीत लवकर हरवतं. जे लवकर हरवतं ते आधी जपायचं.

झडीत दर रविवारी कप्प्यात पडलेली लांब पिसं उचलून, नराच्या नावाच्या कागदी पिशवीत ठेवा. झड संपली की मोजा: किती लांब पिसं होती, किती पडली. रक्ताळ कोंब चुकूनही उपटू नका, लवकर वाढावं म्हणून तर नाहीच. मुळाची जागा दुखावली की तिथून पुन्हा वाकडं पीस येतं किंवा येतच नाही.

वहीत प्रत्येक नराच्या पानावर एवढंच: कडीचा रंग, आई-बापाचा कप्पा, जन्मतारीख, महिन्याची वाढ, पीस थांबल्याचा महिना, झडीत टिकलेली पिसं, पिसाची रुंदी, तुरा, पाळी, पायांचा रंग. पिसाची रुंदी विसरू नका. फार अरुंद पीस लांब होतं पण मुंबईच्या दमट हवेत गुंतून तुटतं. बहिणींच्या पानावर भावांची सरासरी लिहा, त्यावरूनच माद्या निवडायच्या.

आता दोन लाइन मिसळायच्या का? पहिल्या वर्षी वेगळ्या ठेवून तोलल्यानंतरच. मिसळीची पहिली पिढी बहुधा एकसारखी आणि दणकट दिसते, लोक तिथेच खूश होऊन दोन्ही मूळ जोड्या विकतात. दुसऱ्या पिढीत सगळं विखुरतं, एक नर आजोबांसारखा, दुसरा गावठी दिसणारा. मूळ जोड्या हातात असतील तरच मागे जाता येतं.

तीन कप्प्यांचं चक्र

जागा थोडी, म्हणून बहुतेक जण एक नर आणि चार माद्या ठेवतात आणि मुलींना बापाखालीच लावत जातात. बाप-मुलगी किंवा भाऊ-बहीण जोडीत पिल्लाचं सगोत्रीपण, म्हणजे जवळच्या नात्यामुळे आई-बापाकडून एकसारखंच रक्त येण्याचं प्रमाण, २५ टक्के असतं. तीन-चार पिढ्यांत अंडी वांझ निघतात, पिल्लं अंड्यात मरतात, नर मरगळतात. हे मोजायचा एक सोपा हिशेब आहे. नर आणि माद्यांच्या संख्यांचा गुणाकार चारने गुणा आणि दोघांच्या बेरजेने भागा. मग एकाला त्या उत्तराच्या दुपटीने भागलं की दर पिढीची वाढ मिळते. एक नर चार माद्या असतील तर उत्तर ३.२, म्हणजे प्रत्येक पिढीत सगोत्रीपण साधारण साडेपंधरा टक्क्यांनी वाढतं. तीन नर सहा माद्या असतील तर उत्तर ८, आणि वाढ सव्वासहा टक्के. फक्त चार पक्षी जास्त ठेवून एवढा फरक पडतो.

म्हणून तीन कप्पे करा, प्रत्येकात एक नर, दोन माद्या. पहिल्यात एक लाइन, दुसऱ्यात दुसरी, तिसऱ्यात पहिलीचा नर आणि दुसरीच्या माद्या. तुलना पूर्ण झाल्यावर चक्र सुरू करा: पहिल्या कप्प्यातला सगळ्यात चांगला मुलगा दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात, तिसऱ्यातला पहिल्यात. मुली आपापल्या आईच्या कप्प्यातच राहतात. दर पिढीला एवढंच करत राहिलात तर बाहेरून रक्त न आणता बरीच वर्षं निघतात.

जास्तीच्या नरांचं काय करायचं, हे अंडी बसवायच्या आधी ठरवा. वीस पिल्लांत साधारण दहा नर असणारच आणि चक्रासाठी तीनच लागतात. मुंबईत दहा नर एकत्र ठेवता येत नाहीत, ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात आणि शेजारी झोपू शकत नाहीत. माझे काही पालघरकडच्या वाडीवाल्यांकडे जातात, ज्यांच्याकडे मोकळी जागा आहे आणि जे वर्षाने फोन करून पिसाचा आकडा सांगतात. बाकीचे आम्ही घरीच खातो, आईच्या हातच्या काळ्या वाटणात. झुंजीसाठी मागायला लोक येतात, त्यांना देत नाही. प्राण्यांशी क्रूरतेच्या १९६० च्या कायद्याने झुंजी बंद आहेत, आणि ज्याची पिसं मी दोन वर्षं महिन्याच्या महिन्याला मोजली तो पक्षी मी तसल्या रिंगणात सोडणार नाही.

पहिल्या खुणेचा दिवस महिन्याची एक तारीख ठरवा, संध्याकाळी, पक्षी दांड्यावर शांत बसल्यावर. एकाने कोंबडा काखेत धरायचा, दुसऱ्याने मोजायचं. माझी मुलगी आता आठव्या वर्षीच आकडे लिहून घेते, आणि मी आकडा गोल करून सांगायला लागलो की थांबवते: "बाबा, साडेपाच की पाच पूर्णांक चार?"